३ च्या घातांमधले सलग १: हाताची यादी आणि प्रोग्रामची यादी जुळत नाही

घातांक_न:

३ चे घात बायनरीत लिहून एक क्रमिका करतोय. क दिलेला असेल तर असा सर्वांत लहान न शोधायचा की ३^न च्या बायनरी रूपात सलग क वेळा १ येतो. न = ० पासून मोजतोय, म्हणजे ३^० = १ धरून.

न = १२ पर्यंतचे घात कागदावर उलगडले. त्यावरून क = १ ते ७ साठी यादी अशी येते: ०, १, ५, ५, ११, ११, ११.

पायथॉनमध्ये बिन() (संख्या बायनरीत लिहून देणारं फंक्शन) ची स्ट्रिंग घेऊन ती '०' वर स्प्लिट केली आणि सर्वांत लांब तुकड्याची लांबी पाहिली. त्यातून आलं: ०, ०, १, ५, ५, ११, ११ आणि पुढे २६, २६, २६.

प्रश्न तीन. कुठली यादी बरोबर? प्रत्येक क साठी असा न असतोच याची खात्री काय? आणि ११ तीनदा, २६ तीनदा असे टप्पे का पडतात? योगायोग आहे की आत काही आहे?

बिटकाका:

हाताची यादी बरोबर. प्रोग्राममध्ये 'बी' घुसलाय.

बिन(३) चं उत्तर '११' नसतं, '०बी११' असतं. ते '०' वर तोडलं की एक रिकामी स्ट्रिंग आणि 'बी११' असे दोन तुकडे हाती येतात. 'बी११' ची लांबी ३. म्हणून तुझ्या प्रोग्रामला न = १ लाच सलग तीन १ सापडले. न = ५ ला तेच: २४३ = ११११००११, डावीकडचा तुकडा 'बी११११', लांबी ५. क = ५ चं उत्तर ५ आलं ते यामुळे. खरं उत्तर ११.

चूक फक्त सर्वांत डावीकडच्या तुकड्याला लागते, आणि तीही एकानंच. त्यामुळे मोठी पदं बरोबर येतात नि पहिली चुकतात. अशी चूक पकडायला वाईट, कारण यादीचं शेपूट तपासून माणूस निश्चिंत होतो. उपाय एवढाच की स्ट्रिंगचे पहिले दोन वर्ण सोडून द्यायचे.

पण मुळात स्ट्रिंग कशाला? संख्येवरच काम कर. य = ३^न घे आणि 'य' व 'एक घर उजवीकडे सरकवलेला य' यांचा अँड (दोन्हींत १ असलेल्या घरातच १ ठेवणारी क्रिया) पुन्हा पुन्हा काढत राहा. दर वेळी १ ची प्रत्येक सलग माळ एकानं आखूड होते. शून्य यायला जितक्या फेऱ्या लागल्या, तितकी सर्वांत लांब माळ. २४३ वर करून बघ:

११११००११
०१११०००१ (पहिल्या फेरीनंतर)
००११००००
०००१००००
००००००००

चार फेऱ्या, म्हणजे माळ ४ ची. क ठरलेला असेल तर इतक्या फेऱ्याही नकोत. सरकवणं १, मग २, मग ४ असं दुप्पट करत न्यायचं. क = १० साठी १, २, ४ आणि शेवटी २ घरं, अशा चारच अँड पुरतात. शेवटी काही उरलं तर दहाची माळ आहे.

दुसरी गोष्ट व्याख्येची. तू 'सलग क वेळा' म्हटलंस ते 'किमान क' की 'नेमके क'? या दोन वेगळ्या क्रमिका आहेत. किमान ३ हवेत तर न = ५ चालतो, कारण चारच्या माळेत तीन बसतात. नेमके ३ हवेत, दोन्ही बाजूंना ० किंवा संख्येचं टोक, तर २४३ बाद: तिथे माळा ४ आणि २ च्या आहेत. पहिली नेमकी तीनची माळ १९६८३ मध्ये मिळते, १००११००१११०००११, न = ९.

किमान (क = १ ते १०): ०, १, ५, ५, ११, ११, ११, २६, २६, २६
नेमके (क = १ ते ८): ०, १, ९, ५, १४, १२, ११, २७

'नेमके' मध्ये क = १० चं उत्तर २६ आहे, पण क = ९ साठी न = ३० पर्यंत काही सापडत नाही. ही यादी चढती नाही हे लक्षात ठेव. क वाढवत मागच्या उत्तरापासून पुढे शोधायची सवय असते, ती इथे घात करते: ५ चं उत्तर १४, ६ चं १२, ७ चं ११.

बाकीच्या साधनांचंही सांगून ठेवतो. एक्सेलचं डेकटूबिन (दशमान संख्या बायनरीत देणारं फंक्शन) ५११ च्या वर चालत नाही, म्हणजे ३^५ नंतर संपलं. एक्सेल १५ अंकच सांभाळतं, ३^३२ सोळा अंकी असल्यामुळे शेवटचा अंक जातो. फ्लोटिंग पॉइंटमध्ये ३^३३ पर्यंत बिट नेमके राहतात, ३^३४ हा २^५३ च्या वर असल्यानं खालचे बिट गोल होतात आणि तुला खोट्या शून्यांची माळ दिसते. सी मध्ये ६४ बिटांचा बिनचिन्ह पूर्णांक ३^४० पर्यंत पुरतो, चिन्हाचा ३^३९ पर्यंत. जावास्क्रिप्टची साधी बिट-चिन्हं ३२ बिटांवर कापतात, तिथे तर ३^२० च ऋण होऊन बसतो.

पायथॉनमध्ये ही अडचण नाही, पण एक खोच आहे. ३.११ पासून ४३०० हून जास्त अंकांची संख्या दशमान स्ट्रिंग करायला गेलं की एरर येते. ३^९०१२ छापता येतो, ३^९०१३ वर प्रोग्राम पडतो. बिन आणि हेक्स यांना ही मर्यादा नाही. तेव्हा प्रिंट करताना न छाप, ३^न छापू नकोस.

विषमअंक:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: असतोच, आणि सिद्धता अवघड नाही.

घात एकाखाली एक लिही, उजवीकडून जुळवून, आणि आता ओळी न वाचता उभे स्तंभ वाच. उजवीकडचा स्तंभ ० म्हणू. तो नेहमी १, कारण ३ चा घात विषम. स्तंभ १ मध्ये ०, १, ०, १ असं आलटून पालटून. स्तंभ २ मध्ये कायम ०! ३^न ला ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ३ च उरते, ४ चा बिट कधी लागतच नाही. तुझ्या कागदावर बघ, उजवीकडून तिसरं घर सगळीकडे रिकामं असेल.

स्तंभ ३ पासून मजा. तिथे ०, ०, १, १ हे चारचं आवर्तन. स्तंभ ४ मध्ये ०, ०, ०, १, १, १, १, ० हे आठचं. दर स्तंभाला आवर्तन दुप्पट होतं, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याच्या बरोबर उलटा असतो. कारण असं की म ≥ ३ असताना २^म या मापात (२^म नं भागून उरणारी बाकीच बघायची) ३ ची कोटी २^(म−२) आहे. म्हणजे इतक्या पायऱ्यांनी बाकी पुन्हा १ वर येते, त्याआधी नाही.

आता मोजणी. २^म च्या मापात ८ नं भागून १ किंवा ३ बाकी देणाऱ्या संख्या किती? दर आठात दोन, म्हणजे २^म भागिले ४, म्हणजे २^(म−२). ३ चे घात वेगवेगळ्या बाक्या देतात त्याही तितक्याच. म्हणजे एकही बाकी सुटत नाही! खालचे तीन बिट ००१ किंवा ०११ असू देत, त्यावरच्या घरांत तुला हवी ती रचना येते. सलग १ असो, ०११० असो, स्वतःची जन्मतारीख असो.

तेव्हा स्तंभ ३ पासून पुढे क घरांत १ हवे असतील तर म = क + ३ घे. कोटी २^(क+१). म्हणजे २^(क+१) च्या आत असा न नक्की मिळतो. स्तंभ २ मध्ये ० आहेच, त्यामुळे माळ खालून आपोआप बंद. वरून बंद करायला आणखी एक घर धरलं की 'नेमके क' साठीही अस्तित्व सिद्ध झालं, मर्यादा २^(क+२).

क = ७ चं उत्तर याच जागी आहे बघ. ३^११ = १७७१४७ = १०१०११००१११११११०११. सात १ स्तंभ ३ ते ९ मध्ये. मर्यादा २५६ होती, मिळालं ११ ला.

मर्यादा फार सैल आहे हे उघड आहे. क = १० ला ती २०४८ सांगते, खरं उत्तर २६. कारण ही सिद्धता फक्त उजवं टोक पाहते, आणि ३^न मध्ये मधली घरं ढिगानं असतात. डाव्या टोकानंही अस्तित्व दाखवता येतं (२ पायाचा ३ चा लॉगरिदम अपरिमेय, म्हणून सुरुवातीचे बिटही हवे तसे मिळतात), पण त्यात असा हातात धरता येईल असा आकडा मिळत नाही.

घातांक_न:

काका, 'बी' चीच चूक होती. पहिले दोन वर्ण काढल्यावर दोन्ही याद्या जुळल्या.

विषमअंक, स्तंभांचं कळलं. पण टप्प्यांचं अजून नाही. ११ ला एकदम सातची माळ उगवते, त्याआधी न = ६ ते १० मध्ये तीनच्या वर काही नाही. मग २६ ला एकदम दहा. हळूहळू वाढत का नाही?

हातचा_एक:

कारण माळा वाढत नाहीत. त्या झिजतात. उगवतात तेव्हा एकदम मोठ्या उगवतात.

३ नं गुणणं म्हणजे य + २य. सलग ल वेळा १ घे (ल किमान ३), वर ० आणि खाली ०. खालच्या भागातून हातचा किती येऊ शकतो? माळेच्या लगेच खालचा बिट ० आहे, म्हणजे खालचा सगळा भाग माळेच्या शेवटच्या घराच्या किमतीच्या निम्म्याहून कमी. तिप्पट केला तरी दीडपटीच्या आत. तेव्हा हातचा ० किंवा १, २ कधीच नाही.

हातचा ० असेल तर चारच्या माळेवर बघ: ११११ गुणिले ३ म्हणजे ४५ = १०११०१. माळेच्या चार घरांत उरलं ११०१: दोन १, मग ०१. हातचा १ आला तर ४६ = १०१११०, चार घरांत १११०: तीन १. वरच्या बाजूला दोन्ही वेळा हातचा २ जातो, तो माळेवरच्या ० ला भेटतो, २ म्हणजे १०, त्या घरात ० पडतं. म्हणजे माळ वरून पुन्हा बंद.

निष्कर्ष: ल ची माळ पुढच्या घातात ल−२ किंवा ल−१ होते. वाढणं नाहीच, तेवढीच राहणंही नाही.

३^११ मध्ये सातची माळ, खाली ०११ म्हणजे ३. तिप्पट ९, आठाच्या वर, हातचा १. म्हणून ३^१२ मध्ये सहा: १०००००० ११० ११११११ ०००१ (मोकळी जागा वाचायला सोपं जावं म्हणून). आता माळेखाली ०००१. तिप्पट ३, सोळाच्या आत, हातचा ०. ३^१३ मध्ये चार. त्याखाली ०१००११ म्हणजे १९, तिप्पट ५७, चौसष्टच्या आत, पुन्हा हातचा ०, ३^१४ मध्ये दोन. ७, ६, ४, २. तसंच २६ पासून १०, ८, ७, ५. काकांच्या 'नेमके' यादीत क = ६ ला १२ आणि क = ८ ला २७ आले ते या झिजेतून आलेत, तिथे नवीन काही उगवलेलं नाही.

मग उगवतात कशा? आलटून पालटून येणाऱ्या बिटांतून. १०१०१०१ म्हणजे ८५, तिप्पट २५५, आठही १. बायनरीत १/३ म्हणजे ०.०१०१०१…, त्याची तिप्पट ०.११११११…, तीच गोष्ट. ३^१० = ५९०४९ = १११००११०१०१०१००१, यात स्तंभ ९ ते ३ मध्ये १०१०१०१ बसलंय. आठच्या ऐवजी सातच का मिळाले? कारण त्याच्या लगेच वर, स्तंभ १० मध्येही १ आहे. गुणताना वरचा आठवा १ त्याला भिडतो आणि तिथे ० होतो.

२६ ची गोष्ट याहून देखणी. ३^२५ मध्ये स्तंभ १३ ते ५ मध्ये १०१०१०१०१ आहे. ३४१, तिप्पट १०२३, दहा १. या वेळी वर मोकळी जागा आहे, म्हणून दहाच्या दहा टिकले. आणि ते १०१०१०१०१ कुठून आलं? ३^२४ मध्ये त्याच घरांत १११०००१११ आहे. ४५५, तिप्पट १३६५ = १०१०१०१०१०१. १/९ बायनरीत ०.०००१११०००१११… असतं, त्याचा हा तुकडा.

म्हणजे लांब माळ दिसायच्या दोन पायऱ्या आधी तीन-तीनच्या गठ्ठ्यांनी वर्दी मिळते. १११०००१११ दिसलं की दोन घातांनी पाहुणे येणार असं समजायचं, फक्त वरून कोणी टक्कर दिली नाही पाहिजे.

मोड्युलो_गावकरी:

झिजेचा नियम सुंदर आहे. एक टीप: तो ३ पुरताच. ५ साठी य + ४य होतं, हातचे वेगळे, माळ वेगळ्या तऱ्हेनं तुटते.

पाया बदलायचा असेल तर थोडं हाताशी असू दे. ५ चे घात ४ नं भागून नेहमी १ बाकी देतात, खालचे दोन बिट कायम ०१, त्यावर काहीही. १२५ = १११११०१ मुळे 'किमान' यादी ०, २, ३, ३, ३ अशी सुरू होते. ७ चं प्रकरण वेगळं: १६ नं भागून बाकी १ किंवा ७ च. स्तंभ ३ कायम ० आणि प्रत्येक विषम घाताला तळाशी १११ फुकट. ६ घेऊन वेळ घालवू नकोस, ६^न म्हणजे ३^न ला मागे न शून्यं. सलग १ ची यादी तीच. १२ चंही तसंच. १० ची यादी ५ ची. १००० = ५१२ + २५६ + १२८ + ६४ + ३२ + ८ = १११११०१०००. सलग पाच १.

मात्र ९ ची यादी ३ सारखी नाही, तिथे फक्त सम न उरतात.

किती पुढे जाता येईल? ३^न मध्ये सुमारे १.५८५ न बिट. न पर्यंतच्या सगळ्या ओळींत मिळून सुमारे ०.७९ न² बिट. बिट नाणेफेकीसारखे धरले तर एखाद्या जागी '० आणि मग क वेळा १' सुरू व्हायची शक्यता २^(क+१) त एक. तेव्हा पहिली भेट न ≈ वर्गमूळ (२^(क+१) / ०.७९) च्या आसपास. क = ८ ला २५ किंवा २६, प्रत्यक्षात २६. क = १० ला ५१, प्रत्यक्षात २६, म्हणजे नशीब. क = २० ला साधारण १६००, क = ३० ला ५२ हजार, क = ४० ला १६ ते १७ लाख. झिजेमुळे ओळी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, एकच माळ एकाहून जास्त ओळींत मोजली जाऊ शकते, त्यामुळे खरं उत्तर या अंदाजाच्या थोडं पुढे सरकायची शक्यता जास्त. परिमाण ठरवायला पुरे.

खर्च न² च्या प्रमाणात, म्हणजे क दहानं वाढला की काम हजारपट. क = ३० पर्यंत साधा पायथॉन चालतो. ४० साठी जीएमपी ही मोठ्या पूर्णांकांची लायब्ररी आणि रात्रभर मशीन.

दर वेळी ३^न नव्यानं काढू नकोस. य ला डावीकडे एक घर सरकवून त्यातच मिळव, झालं पुढचं पद. मधल्याच कुठल्यातरी न पासून सुरू करायचं असेल तेव्हाच वर्ग-आणि-गुणाकाराची रीत. न अर्धा करत जायचं, सम असेल तर वर्ग, विषम असेल तर वर्ग आणि एक गुणाकार. पिंगलाच्या छंदःसूत्रात २ चा घात काढायला हीच रीत दिली आहे.

सलग ० शोधायचे असतील तर सापळा आहे. पायथॉनमध्ये सगळे बिट उलटवायचं चिन्ह वापरलंस तर य चा −(य+१) होतो. ऋण संख्येला डावीकडे अनंत १ धरले जातात. काकांची अँडची युक्ती त्यावर चालवली की शून्य कधी येतच नाही, लूप फिरतच राहतो. आधी बिट-लेंग्थ काढ, तेवढ्या १ चा मास्क कर, आणि त्याच्याशी एक्सॉर (बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) कर. ३ साठी ० ची 'किमान' यादी सुरू होते २, २, ४, ८, १२, १२. शेवटचे दोन १२ वर लिहिलेल्या ३^१२ मधल्या डावीकडच्या सहा शून्यांमुळे.

विषमअंक:

मूळ प्रश्नात नाही, पण कोणीतरी विचारेलच म्हणून: माळांऐवजी १ ची एकूण संख्या मोजली तर ती क्रमिका ओईआयएसमध्ये (संख्या-क्रमिकांचा ऑनलाइन कोश) ए०११७५४ क्रमांकावर आहे. १, २, २, ४, ३, ६, ६, ५, ६, ८, ९, १३, १०, ११, १४, १५, ११… चढउतार पाहण्यासारखे आहेत. ३^२४ च्या ३९ बिटांत १६ च १, आणि तीनच पावलांनी ३^२७ च्या ४३ बिटांत ३०.

सगळ्यांना वाटतं की १ आणि ० निम्मे-निम्मे, म्हणजे सरासरी ०.७९ न. हे सिद्ध झालेलं नाही. सिद्ध आहे ते फार थोडं. सेंगे आणि स्ट्राउस यांनी १९७३ मध्ये दाखवलं की १ ची संख्या अनंताकडे जाते. स्टुअर्टनं १९८० मध्ये त्याला खालची मर्यादा दिली, तीही लॉग न भागिले लॉग लॉग न इतक्या गतीची. न च्या प्रमाणात वाढते असं म्हणायला अजून कोणाकडे आधार नाही.

छोट्या संख्यांना मात्र नेमकी उत्तरं आहेत. दोनच १ असलेले ३ चे घात फक्त ३ आणि ९. हे लेवी बेन गेर्शोन यानं १३४३ मध्ये संगीतातल्या स्वरांच्या गुणोत्तरांवरून आलेल्या प्रश्नासाठी सिद्ध केलं होतं. तीन १ असलेल्या विषम वर्गांची यादी सालाय यांनी २००२ मध्ये पूर्ण केली: (२^ट + १) चे वर्ग, आणि त्याबाहेर फक्त ४९ = ११०००१ आणि ५२९ = १००००१०००१. त्यातून ३ चा घात एकच निघतो, ८१ = १०१०००१.

उलट बाजूनं पाहिलं तर २ चे घात पाया ३ मध्ये. एर्डॉशचा अंदाज असा की १, ४ आणि २५६ सोडले तर प्रत्येकात २ हा अंक येतो (२५६ = १००१११). रॉबर्ट सेय यांनी २०२२ मध्ये घातांक २·३^४५ पर्यंत, म्हणजे सुमारे ५.९ × १०^२१ पर्यंत, ते तपासलं. एवढे घात कोणी एकेक काढत नाही. वर सांगितलेली स्तंभांची आवर्तनंच वापरायची: खालच्या काही अंकांत २ आला की घातांकांचा तो अख्खा वर्ग एका फटक्यात बाद.

घातांक_न:

ही युक्ती आपल्या यादीला लावता येईल का? सगळ्या ओळी न काढता?

विषमअंक:

नाही. तिथे 'कुठेही २ नको' अशी अट आहे, खालच्या घरांत एकदा मोडली की निकाल लागला. तुझ्याकडे 'कुठेतरी माळ हवी' अशी अट आहे. खालच्या घरांत नसली तरी मधे असू शकते, त्यामुळे काहीच बाद करता येत नाही. प्रत्येक ओळ पूर्ण बघावीच लागते.

हातचा_एक:

पूर्ण बघावी लागते, पण प्रत्येक नाही. झिजेचा नियम उलटा वापर. न ला ल ची माळ असेल तर न+१ ला ती किमान ल−२, न+२ ला किमान ल−४. म्हणजे क ची माळ मधल्या ओळीत लपली असेल तर पुढच्या ओळीत किमान क−२ ची दिसणारच. एक ओळ सोडून एक तपास, क−२ साठी. सापडली तरच मागची ओळ उघडून क आहे का पाहा. दोन ओळी सोडून तिसरी तपासायची तर क−४ साठी. जितक्या जास्त ओळी सोडशील तितके खोटे इशारे वाढतात, दर ओळीमागे सुमारे चौपट. क = ३० ला चार ओळी सोडून पाचवी, म्हणजे २२ ची माळ शोधायची, इथपर्यंत परवडेल असं गणित सांगतं. य ला पाच पायऱ्या एकदम पुढे न्यायला २४३ नं गुण.

बिटकाका:

आणि ओईआयएसमध्ये शोधताना सुरुवातीची ०, १ टाकू नकोस, ५, ५, ११, ११, ११, २६, २६, २६ एवढंच टाक. कोणी न = १ पासून मोजलं असेल तर पहिली पदं वेगळी असतात. नसेल आणि पाठवायची असेल तर नावातच 'किमान' हा शब्द घाल, ऑफसेट (पहिल्या पदाचा क्रमांक) १, कीवर्डमध्ये 'बेस' लाव, कारण क्रमिका पाया २ वर टेकलेली आहे. 'नेमके' वाली वेगळी पाठव, पण क = ९ चं पद मिळाल्याशिवाय नको. मधे भोक ठेवून पुढचं पद देता येत नाही.